न टाकलेलं कापड

अक्का गेली त्या दिवशी तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरायला कासारीण आली होती. दाजी हयात असताना अक्का गेली, आणि सवाष्णीला आमच्याकडे भरल्या हातानं पाठवतात. जिवंत हात बांगडी चढताना आपणहून अंग चोरतो, बोटं आखडतो. अक्काचा हात काहीच करत नव्हता. तरी कासारणीनं सवयीनं अंगठ्याचं मूळ दाबलं आणि पुटपुटली, “सैल सोड, बाई.” मग तिच्या लक्षात आलं. ती तशीच थांबली, आणि पुढच्या बांगड्या न बोलता चढवल्या.

मी दाराशी उभा होतो. सगळे रडत होते, मीही रडत होतो, पण माझं लक्ष अक्काच्या चेहऱ्याकडे नव्हतं. ते कासारणीच्या टोपलीकडे होतं. त्या टोपलीत, बांगड्यांच्या तळाशी, मांजरपाटाची एक वीतभर चिंधी गेली बारा वर्षं होती, हे मला ठाऊक होतं. ती तिथं माझ्यामुळं होती.

या गोष्टीला दोन वर्षं होत आली. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे, आणि हे तर आणखी सावकाश लिहितो आहे.

आम्ही मुरुमचे. अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळं मला तिनंच वाढवलं. तिला तुळजापूरला पुजाऱ्याच्या घरी दिली. विलीनीकरणानंतर दोन-तीन वर्षांनी मला तुळजापूरच्याच शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी लागली, आणि दाजींनी मला घरातली मागची खोली दिली. माझं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. आता पोरांना मराठीतून शिकवायचं होतं. विज्ञानाचा एकेक शब्द मी रात्री शोधायचो आणि सकाळी वर्गात जपून वापरायचो. सुट्टी शुक्रवारची रविवारवर आली होती, तरी शुक्रवारी सकाळी माझा पाय शाळेकडे वळायला कुरकुरायचा.

पुजाऱ्याचं घर म्हणजे सदा माणसांनी भरलेलं. दाजींचे यजमान सोलापूरकडून, कर्नाटकातून यायचे, ओसरीवर उतरायचे, जेवायचे, देवीला जायचे. त्यात मूल मागायला आलेल्या बायका फार. त्यांच्या ओट्या अक्का भरायची. तिच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. तिची सासू हे तिला विसरू देत नसे. “जगाच्या ओट्या भरतीस,” ती पाहुण्यांदेखत म्हणायची, “तुझी कोण भरावी, ते तरी देवीला विचार.” अक्का पदर सारखा करून पुढच्या बाईला नारळ द्यायची.

मला माणसांची गर्दी सोसत नाही. रविवारी आणि सुट्टीत मी घाट उतरून खाली दरीकडे जायचो. तिथं एक कोरडी बारव होती. पायऱ्या ढासळलेल्या, भिंतीच्या चिऱ्यांत फटी, भोवती तरवड आणि बोरीची झुडपं, काठावर एकच लिंबाचं झाड. त्या फटींत धामणी राहायच्या. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी घाबरून पळालो होतो. दुसऱ्यांदा थोडा लांबून पाहत राहिलो. मग सवय लागली.

साप बघायचे तर बसता यावं लागतं, बाकी फार काही लागत नाही. सापाला पावलांचा धक्का जमिनीतून कळतो, म्हणून मी चपला लिंबाखाली काढून अनवाणी जायचो. मातकट सदरा घालायचो. काठावरच्या एका चिऱ्याला पाठ लावून दोन-दोन तास बसायचो. पहिला तास काही दिसत नाही. मग एक फट जरा काळी वाटते, आणि ती काळी जागा जीभ बाहेर काढते. धामणीनं उंदीर धरलेला मी पाहिला. ती त्याला भिंतीशी दाबून ठेवते आणि वाट बघते. तिला विळखा घालून चिरडता येत नाही. कात टाकताना ओठापासून सुरुवात करते, खडबडीत दगडाला गाल घासते, आणि मग मोजा उलटा काढावा तशी बाहेर येते. धामण गाईच्या पायांना वेढे घालून दूध पिते, असं गावात सगळे सांगायचे. दोन वर्षांत एकदाही मला गाईकडं ढुंकून बघणारी धामण दिसली नाही. हे सगळं मी एका वहीत उर्दूत लिहीत होतो, कारण डोळ्यांनी पाहिलेलं घाईनं लिहायला मला तेव्हा तीच लिपी जवळची होती.

घरी माझी चेष्टा व्हायची. दाजी यजमानांना सांगायचे, “आमचे मेहुणे शाळेत पोरांची हजेरी घेतात आणि रविवारी सापांची. साप गैरहजर राहिले तर त्यांना छडी मिळते.” मी हसायचो. मला त्या चेष्टेचा थोडा अभिमानच होता. ह्या घरात, ह्या गावात सगळे ऐकीव गोष्टी बोलतात आणि एकटा मी बघून बोलतो, असं मला वाटायचं.

त्या वर्षी सासूनं दाजींच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. नळदुर्गकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. दाजी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. अक्का माझ्याशीही त्यावर बोलली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी मी निघालो तेव्हा मात्र तिनं मला माजघरात बोलावलं आणि घडी घातलेलं कोरं मांजरपाट हातात दिलं.

“दोन हात हाये,” ती म्हणाली. “तुला धामणी दिसतात न्हवं? नाग आन धामण जुगताना दिसले की त्यांच्यावर टाकायचं. बोलायचं न्हाय. ते आपल्या पायानं निघून गेले की उचलायचं. धुवायचं न्हाय.”

“सापाला पाय नसतात, अक्का.”

“तुझ्या शाळेत नसतील,” ती म्हणाली. हसली नाही. “एका यजमानीणबाईनं सांगितलंय. तिच्या जावेला तिसऱ्या महिन्यात दिवस गेले.”

मी तिला सांगू लागलो, की नाग आणि धामण ही जोडी नसतेच, धामणींतही नर असतात. ती ऐकत राहिली, तिची नजर कापडावर होती. मग म्हणाली, “मी तुला आजवर काय मागितलं?”

काही मागितलं नव्हतं. मी कापड पिशवीत ठेवलं.

दोन-तीन आठवडे ते माझ्या वहीबरोबर बारवेवर जात-येत राहिलं. ज्येष्ठ लागला होता, आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. आणि एका सकाळी, उन्हं चढायच्या आधी, बारवेच्या तळाशी वाळलेल्या पाल्यावर मला ते दिसलं. दोन मोठ्या धामणी, सात-आठ फुटांच्या, एकमेकींना दोरासारखा पीळ घालून पुढचं अंग उभं करत होत्या. माझ्या कमरेएवढ्या उंच गेल्या, डोलल्या, आणि कोसळल्या. परत पीळ पडला. माझ्यापासून बारा-पंधरा पावलांवर.

कापड माझ्या पिशवीत होतं. चार पायऱ्या उतरून ते सहज टाकता आलं असतं.

मी वही काढली.

खोटं सांगत नाही, पहिल्या क्षणी मला अक्का आठवली. पण मी बघू लागलो आणि दिसू लागलं, की हे प्रेम नव्हे. प्रत्येक वेळी एक दुसऱ्याचं डोकं खाली दाबत होता. जो खाली जायचा तो सुटून पुन्हा वर यायचा. चावा नाही, फूत्कार नाही, फक्त जोर, पैलवान मानेवर हात टाकून एकमेकांना रेटतात तसा. मला वाटलं, हे दोन्ही नर आहेत. आणि तसं असेल तर ह्याचा शेवट पाहायलाच हवा. कापड टाकलं तर ते पळतील, आणि मला कधी कळणार नाही. एवढाच विचार. अक्काच्या चौदा वर्षांपुढं मी तो ठेवला आणि तो जड भरला.

पाऊण तास ते चाललं. शेवटी एक ढिला पडला आणि पाल्यातून सरळ बोरीकडे निघून गेला. दुसरा थोडा वेळ मान उंचावून राहिला. मग भिंतीच्या एका फटीकडे गेला, आणि त्या फटीतून तिसरं डोकं बाहेर आलं, लहानसं. ती मादी असावी. मला फार आनंद झाला होता. मी सगळं लिहून काढलं.

मग कापड आठवलं. मी खाली उतरलो. ते दोघे जिथं लोळले होते तिथं पाला दबला होता. मी कापड उलगडून त्या जागेवर पसरलं, तळव्यानं दाबलं, थोडी माती लागू दिली. बोरीचा एक काटा त्यात अडकवला. तो काटा मी मुद्दाम अडकवला, हे इथं लिहून ठेवायला हवं.

अक्का चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं.

“पडलं?”

“पडलं.”

तिनं हात धुतले, पदरानं पुसले आणि दोन्ही हातांनी ते घेतलं. काटा बघून तिनं तो काढला नाही. देवघरातल्या फडताळात ते ठेवलं. संध्याकाळी सासूलाही कळलं. म्हातारी म्हणाली, “वरीसभर बघू.” नळदुर्गचा विषय तेवढ्यावर थांबला.

म्हणजे माझ्या खोट्यानं अक्काला एक वर्ष मिळालं. आणि त्या वर्षात तिला दिवस गेले. मी स्वतःला सांगायचो, की अडाणी समजुतीबद्दल बोललेलं खोटं हे खोटं नव्हे. खरंच टाकलं असतं तरी ते दोन भांडणाऱ्या नरांवर पडलं असतं. हे मला फार पटायचं. घरातला माझा मान वाढला. सासू माझ्या ताटात स्वतः तूप वाढू लागली. दाजी यजमानांना म्हणू लागले, “चेष्टा करत होतो, पण मेहुण्यांचे साप कामाला आले.”

त्याच सुमारास मी पुण्याच्या एका मासिकाला लेख पाठवला, मराठीतला माझा पहिला. धामणींच्या झुंजीचं वर्णन होतं. त्यात एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे. ‘अज्ञ लोक ह्या झुंजीला मैथुन समजतात व त्यावर वस्त्र टाकून संततीची आशा धरतात.’ लेख छापून आला. अक्काला वाचता येत नव्हतं. दाजींनी फक्त माझं नाव वाचलं आणि अंक तिच्याकडे दिला. तिनं तो कपाळाला लावला, त्या कापडात गुंडाळला आणि फडताळात ठेवून दिला.

सातव्या महिन्यात अक्काला चोळी-बांगडी करायला कासारीण आली. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचा हात तिनं भरला होता, आणि तिला स्वतःला मूल नव्हतं. माझ्याच वयाची असेल. बोलकी होती. ओसरीवर बसून ती अक्काचा हात चोळत होती, आणि मी पलीकडे खांबाशी पोरांच्या वह्या तपासत होतो.

“अक्का, तुमच्या हाताचं माप विसरायची येळ आली व्हती,” ती म्हणत होती. “कंदी बोलावता, कंदी नाय. आता दर वर्साला येते बघा.”

“एकच पुरे,” अक्का म्हणाली. “तुझं काय ठरलं?”

“मालक तयार झाल्यात. पुढल्या महिन्यात सोलापूरला जायचं, लेडी डॉक्टरकडं. मला तर लई भ्या वाटतंय. परका मुलूख, परकी बाई, आन ती काय काय तपासती म्हणं.”

सोलापूर तेव्हा दुसऱ्या राज्यात होतं, पण तसं लांब नव्हतं. मोटारीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता यायचं.

अक्का उठली. जड पावलानं आत गेली आणि ते कापड घेऊन आली. काठावर दातानं खूण करून तिनं वीतभर फाडलं. मांजरपाट फाटताना कोरडा, लांब आवाज होतो. मी पेन्सिल खाली ठेवली.

“हे घे. धामणींवर टाकलेलं हाये. माझ्या भावानं स्वतः टाकलंय.”

कासारणीनं चिंधी घेतली नाही आधी. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत चेष्टा होती थोडी, आणि चेष्टेच्या आत ती अगदी खरं विचारत होती.

“व्हय का, मास्तर?”

अक्का माझ्याकडं पाहत होती, पोटावर हात ठेवून. दारात सासू उभी होती.

“व्हय,” मी म्हणालो.

पहिलं खोटं मी अक्काशी बोललो ते तिच्या हट्टाला कंटाळून, असं तरी म्हणता येईल. ह्या खोट्याला तसला कुठलाच आधार नाही. ती बाई डॉक्टरकडं निघाली होती. तिनं मला सरळ विचारलं होतं, आणि उत्तर तर मी मासिकात छापून बसलो होतो.

“मग सोलापूरचं कशाला आता,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिनं चिंधी टोपलीच्या तळाशी ठेवली. “मालकांस्नी सांगते, वाचला तुमचा येळ.”

अक्काला मुलगी झाली. भाची माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. कासारीण दर सणाला येत राहिली. पहिलं वर्ष ती हसत यायची. दुसऱ्या वर्षी अक्कानं विचारलं तर म्हणाली, “कापडाला येळ लागत असंल, माझी कूस लांबची हाये.” तिसऱ्या वर्षी अक्काच तिला म्हणाली, “तू सोलापूरला जाऊन ये बाई एकदा.” तेव्हा ती म्हणाली की मालक आता त्यावर बोलत नाहीत. मग कुणी विचारलं नाही. तिची हाक ऐकू आली की मी उठून मागच्या खोलीत जायचो. भिंतीतून बांगड्यांचा आवाज यायचा. कधी ती मोठ्यानं म्हणायची, “मास्तर वाचत्यात का अजून? डोळं जातील,” आणि मी आतून उत्तर द्यायचो नाही.

बारवेवर जाणं मी हळूहळू सोडलं. साप बघताना माणूस जितका गप्प बसतो तितकं गप्प बसणं मला चांगलं जमत होतं, आणि घरीही मी तेच करत होतो.

अक्काला मी कधीच सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात पंधरा दिवस मी उशाशी होतो. बोलायला वेळ भरपूर होता. मी तिला पाणी दिलं, पाय चेपले.

तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी कासारीण आली. दाजी देवळात होते, सासू तर आधीच गेलेली. मी ओसरीवरच होतो आणि या वेळी उठलो नाही. तिनं टोपली खाली ठेवली, बांगड्या बाजूला केल्या आणि तळातून ती चिंधी काढून माझ्यापुढं धरली. पिवळी पडली होती. घडीवर विरली होती.

“अक्कांचं अक्कांच्या घरी,” ती म्हणाली. “मला न्हाय लाभलं. कापडाचा दोष न्हाय, मास्तर. माझंच काय तरी आडवं आलं.”

हे वाक्य तिनं बोलायला नको होतं. किंवा मी बारा वर्षांपूर्वी तिला ते बोलायची पाळी येऊ द्यायला नको होती. मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, काट्यासकट. मासिकातलं वाक्यही सांगितलं. बोलताना मी तिच्या टोपलीकडं बघत होतो.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “अक्कांला ठावं व्हतं?”

“न्हाय.”

“त्यांस्नी न्हाय सांगितलं. मग मला का सांगितलं?”

तिनं चिंधी मांडीवर ठेवली.

“तुमचं हलकं झालं असंल,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. आज कोणता वार आहे, असं म्हणावं तशी म्हणाली. “मी सोलापूरला गेले असते. कायबी झालं नसतं कदाचित. पर गेले असते.”

“हो.”

थोड्या वेळानं तिनं मान वर केली. “ते दोघं मग करत काय व्हते?”

“भांडत होते. तिसरीसाठी.”

तिच्या तोंडावर काहीतरी आलं, हसू म्हणावं तर हसू नव्हतं. “आन लोक वरनं पांघरूण घालत्यात.”

मी चिंधी घ्यायला हात पुढं केला. तिनं ती दिली नाही. तिनं तिची उभी घडी केली, आणि दोन हिरव्या जोडांच्या मध्ये बांगड्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून कोंबली, तशा तिथं आणखी पाच-सहा चिंध्या होत्याच. “ठिवते,” ती म्हणाली. “काच जपायला लागतीच.”

मग आत बघून तिनं हाक मारली. “पोरीला बोलवा. सुतक संपलं, तिचे हात किती दिस रिकामे ठिवायचे.”

भाची आली आणि तिच्यासमोर बसली. बारा वर्षांची. रडून रडून डोळे सुजलेले. कासारणीनं तिचा हात हातात घेतला, माप पाहिलं आणि बोटं चोळू लागली. पोरीनं हात आखडला. माझ्याकडं न बघता, अगदी खालच्या आवाजात कासारीण तिला म्हणाली, “सैल सोड, बाई.”

मी तिथंच बसून राहिलो.